उन्हाळा, पिन होल्डर आणि बारा मोटांची विहीर

बागकाम करणारी माणसं फुलं तोडण्याच्या बाबतीत फार चिक्कू असतात. साताऱ्यात आमच्या गच्चीवर मोगरा, अनंत, जास्वंद, अबोली, कर्दळ असं बरंच काही वर्षानुवर्षं नांदतं आहे, पण घरात धड एक फुलदाणी नव्हती. सकाळी सासूबाई देवापुरती फुलं परडीत काढणार, एखादा गजरा होणार, बाकीचं सगळं झाडावरच सुकणार. शेजारच्या वहिनींनी चैत्रात विचारलं, "सदर बझारात एक बाई पुष्परचना शिकवतात, येता का? तुमच्या शाळेला आता सुट्टीच लागेल." मी हो म्हणाले ते खरं तर बाईंच्या बंगल्यातला जुना सोनचाफा जवळून बघायला मिळेल म्हणून.

बाई मुंबईत बरीच वर्षं शिकवून निवृत्तीनंतर साताऱ्यात आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला फुलं मांडू दिलीच नाहीत. व्हरांड्यात बादल्या मांडून ठेवलेल्या, प्रत्येकीच्या हातात एक कात्री, आणि काम एकच, देठ कापायचे. तेही पाण्याच्या आत, तिरके. फूल हवेत कापलं की देठातल्या बारीक नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा शिरतो आणि वर चढणाऱ्या पाण्याची धार तुटते. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानेनं माना टाकतं. देठ पाण्याखाली कापला की हवेला वावच राहत नाही. पाण्याच्या पातळीखाली येणारी पानं सगळी काढून टाकायची, कारण ती कुजतात, पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्याच नळ्या चोंदतात. एवढं झालं की फुलं गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून अंधाऱ्या, गार जागी काही तास ठेवायची. मांडणी त्यानंतर.

फुलं पहाटे, उन्हं वर यायच्या आत काढायची, कारण तेव्हा झाड पाण्यानं भरलेलं असतं, हेही बाईंनी सांगितलं. घरी येऊन मी हे मोठ्या उत्साहानं सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला हे सांगायला कुणी फी नव्हती घेतली."

पुढच्या काही तासिका एकेका फुलाचा स्वभाव ओळखण्यात गेल्या आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त मजा इथेच आली. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापली की चीक गळतो. तो पाण्यात मिसळू द्यायचा नाही, टोक गरम पाण्यात क्षणभर धरायचं म्हणजे चीक थांबतो. जरबेराचा देठ लवदार आणि आतून पोकळ, म्हणून त्याला दोन-तीन इंचच पाणी द्यायचं, जास्त पाण्यात तो सडतो. निशिगंधाच्या दांडीची शेंड्याकडची मुकी कळी खुडली की खालच्या कळ्या नीट उमलतात. ग्लॅडिओलसलाही तेच लागू. जास्वंदीचा कारभार मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, तिला पाणी दिलं काय नि नाही दिलं काय, ती दिवसभरच टिकणार. त्यामुळे जास्वंद कुठेही ठेवता येते, थाळीत, दगडावर, उंबऱ्यावर. आणि गुलमोहर? रस्त्यावरून बघून समाधान मानायचं. फांदी घरात आणेपर्यंत तिचा पाचोळा होतो. आपलं राज्यफूल ताम्हणही त्याच पंथातलं. बहावा जरा बरा, पण मांडणी संपेपर्यंत टेबलावर पिवळा सडा पडलेला असतो.

मेच्या सुरुवातीला बाईंच्याच घरी एक गंमत झाली. आदल्या संध्याकाळी कार्नेशनची फुलं बादलीत ठेवलेली होती, सकाळी बघितलं तर पाकळ्या आत वळून मलूल झालेल्या. गुलाब ठीक, पानं ठीक, कार्नेशन तेवढी गेलेली. बाईंनी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत पेंढ्यात पायरीची अढी लावलेली होती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्यानंच आंबा पिकतो आणि त्यानंच फूल म्हातारं होतं. कार्नेशन या बाबतीत फारच नाजूक. तेव्हापासून आमच्याकडे आंबे माळ्यावर आणि फुलांची बादली न्हाणीत. डायनिंग टेबलावर फळांची परडी नि फुलदाणी शेजारी-शेजारी ठेवलेली चित्रं बघितली की आता मला हसू येतं.

फुलं उभी कशी करायची हा पुढचा प्रश्न. हल्ली लग्नाच्या सजावटीत सर्रास तो हिरवा ओॲसिस फोम वापरतात. पाणी पितो, देठ टोचला की धरून ठेवतो, सोयीचा आहे यात वाद नाही. पण तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा प्लास्टिक फोम आहे, चुरा होऊन मातीत नि पाण्यात जातो आणि तिथेच राहतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. बाईंच्या क्लासमध्ये तो आधीपासूनच बंद. त्याऐवजी केळीचा खुंट. केळीचा घड उतरला की उरलेलं खोड शेतकरी तोडूनच टाकतो. त्याचा वीतभर तुकडा आडवा ठेवायचा, हलू नये म्हणून खालून थोडा सपाट कापायचा. काडीनं भोक पाडलं की त्यात झेंडूपासून निशिगंधापर्यंत काहीही उभं राहतं, आणि खोडातच इतकं पाणी असतं की दिवसभर वेगळी काळजी नको. काम झालं की कंपोस्टच्या पिंपात. एकच सांगते, साडी जपा. केळीच्या रसाचा डाग जन्मात निघत नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे अक्षय तृतीयेपर्यंत कधीही असतं, यंदा त्याची आरास या खुंटांवर केली. पायऱ्यांवर कापड, मधे झोपाळ्यातली गौर, दोन्ही बाजूंना मोगरा, अबोली, दवणा आणि कैऱ्यांचे घोस. डाळ-पन्हं घ्यायला आलेल्या बायका गौरीपेक्षा खुंटच वाकून बघत होत्या. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण बोलल्या नाहीत.

इकेबाना त्यानंतर सुरू झालं. ही जपानी कला पंधराव्या शतकापासून क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो घराण्यात रुजली. आम्ही शिकलो तो प्रकार बराच अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी उथळ, पसरट भांड्यात रचना करायची पद्धत काढली, तिला मोरिबाना म्हणतात. यासाठी पिन होल्डर लागतो. जड बैठकीवर पितळेच्या टोकदार सुया दाटीनं बसवलेल्या असतात, देठ त्यात खोचायचा. साताऱ्यात तो मिळेना, वहिनींच्या मुलानं मुंबईहून आणला.

रचनेत तीन मुख्य रेषा, शिन, सोए आणि हिकाए. भांड्याची रुंदी अधिक खोली, त्याची दीडपट म्हणजे शिन. शिनचा पाऊण भाग सोए, सोएचा पाऊण भाग हिकाए. माझी थाळी बारा इंच रुंद नि अडीच इंच खोल, म्हणजे शिन साधारण बावीस इंच, सोए सोळा, हिकाए बारा. शिन उभ्या रेषेपासून पंधरा अंश कललेली, सोए पंचेचाळीस, हिकाए पंचाहत्तर. शिनसाठी मी आंब्याची फांदी घेतली, शेंड्याला तांबूस कोवळी पालवी असलेली. बाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ फिरवली आणि मग कात्रीनं एकेक पान उतरवायला लागल्या. माझा जीव खालीवर. निम्म्याहून जास्त पानं खाली पडली तेव्हा फांदीचा बाक दिसला. तो आधीही तिथेच होता, पानांनी झाकलेला. जाड फांदी सुयांत शिरत नव्हती, तर तिच्या बुडाला उभी चीर दिली, सरळ खोचली आणि मग हव्या त्या बाजूला हलकेच रेटली. फुलं शेवटी, तीन कर्दळी, बुडाशी.

ही रचना घरी टेबलावर आठवडाभर राहिली. कर्दळ बदलत गेले, फांदी तशीच. कात्री चालवण्याबद्दलचा माझा कद्रूपणा तिथे सुटला असावा, कारण पुढच्या रविवारी गच्चीवरच्या बोगनवेलीची मी अशी छाटणी केली की ह्यांनी विचारलं, "काही चिडलीयस का?"

मे महिन्यात लग्नसराईमुळे फुलांचे भाव चढले. राजवाड्यापाशी बसणाऱ्या फुलवाल्या मावशी गुलाबाच्या जुडीचा भाव सांगताना स्वतःच ओशाळायच्या. बाई म्हणाल्या, फुलं विकत घेऊ नका, बाहेर पडा, जुन्या बागा बघून या. आणि बघताना फुलं बघू नका, झाड कसं उभं आहे ते बघा.

सातारा म्हटलं की लोकांना कास आठवतं, पण मेमध्ये तिथे नुसता तापलेला कातळ. आम्ही आधी गेलो साताऱ्याजवळच्या लिंब गावाला. बारा मोटांची विहीर बघायला सगळे जातात, बाग बघायला कुणी जात नाही, कारण ती आता नाहीच. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पुढे दुसरी, वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार. सुमारे ११० फूट खोल, पन्नास फूट रुंद. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की बाहेरचा पारा चाळिशीला टेकलेला असला तरी अंगावर गारवा येतो. मधल्या पुलावर छोटेखानी महाल आहे, त्याचे खांब कोरीव. फोटो काढणाऱ्यांची गर्दी तिथेच होते.

मला खिळवून ठेवलं ते वरच्या काठानं. मोटा चालवायच्या जागा तिथे दगडात बांधलेल्या आहेत, म्हणायला बारा, पण प्रत्यक्षात जागा पंधरा मोटांची. बैलजोडी धावेवरून खाली जायची, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं निघायचं ते आमराईला. ३,३०० आंब्यांची आमराई होती असं तिथे सांगतात. मी गच्चीवरच्या कुंड्यांना मगानं पाणी घालणारी बाई, त्यामुळे मनात लगेच हिशेब सुरू झाला. आंब्याचं रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाण्यावाचून तगत नाही, मुळं खोल गेली की मग तो कुणाचं ऐकत नाही. रोपाला आठवड्याला दोन घागरी धरल्या तरी साडेसहा हजार घागरी झाल्या. बारा मोटा काही डौलासाठी नव्हत्या. आधी पाणी बांधलं, पाट काढले, मग झाडं लावली आणि सावली मिळाली पुढच्या पिढ्यांना. फुलांचे ताटवे या हिशेबात कुठेच नाहीत. देवापुरती फुलं परसात, बाग म्हणजे फळ आणि सावली. हे तिथे, त्या काठावर बसल्यावर, डोक्यात शिरलं. काठाजवळच्या झाडाखाली बसलेले एक आजोबा म्हणाले, "विहीर दगडाची हाय म्हणून ऱ्हायली बाई, झाडाचं कोण बघतंय."

पाचगणीची गोष्ट उलटी. तिथली झाडं बाहेरून आलेली, आणि टिकली. जॉन चेसन नावाच्या साहेबानं एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवली आणि ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक तिथे लावला. आज रस्त्यानं जाताना त्याच्याशिवाय पाचगणीची कल्पना करता येत नाही. मला स्वतःला सिल्व्हर ओक फारसा आवडत नाही, सावली विरळ आणि पक्ष्यांची वर्दळ आंब्या-वडासारखी नाही. पण पुष्परचनेला त्याचं पान म्हणजे घबाड. नेच्यासारखं कातरलेलं, वरून हिरवं, खालून रुपेरी, आणि वाळलं तरी आकार सोडत नाही. टेबललँडला जाणाऱ्या रस्त्याकडेला पडलेली पानं मी नि वहिनी वेचत होतो, तर एका घोडेवाल्यानं घोडा थांबवून विचारलं, "औषधाला का?" वहिनी पटकन म्हणाल्या, "हो, गुडघ्याला." आता पाचगणीत कुणी सिल्व्हर ओकची पानं गुडघ्याला बांधत असेल तर त्याला आम्ही जबाबदार.

पुण्याला धाकट्या नणंदेकडे जाणं होतंच, तेव्हा एम्प्रेस गार्डनमध्ये सबंध सकाळ काढली. रेसकोर्सला लागून ३९ एकरांची ही बाग. १८३० साली स्थापन झालेली ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ती सांभाळते. नाव अर्थातच व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदावरून. लोक जानेवारीत पुष्पप्रदर्शनाला गर्दी करतात, मेमध्ये फुलं जवळजवळ नव्हती आणि म्हणूनच झाडं दिसली. उंचच उंच खोडं, आणि त्यांवर चढलेला एक अजस्र जुना वेल, मनगटाएवढा नव्हे, मांडीएवढा जाड, कधी जमिनीवर लोळत, कधी हवेत झोका घेत गेलेला. एवढ्या मोठ्या मापात रेष म्हणजे काय ते मला तिथे कळलं. बावीस इंचांच्या आंब्याच्या फांदीत बाई जे शोधत होत्या, ते इथे अख्ख्या वाफ्याएवढ्या जागेत पसरलेलं होतं. पालापाचोळा झाडणाऱ्या माळीदादांना विचारलं, वाळक्या शेंगा घेऊ का? म्हणाले, "पडलेलं घ्या, झाडाला हात नको." पिशवी भरली.

सारसबागेत संध्याकाळी गेलो, ती गणपतीला आणि भेळेला. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी करवलेलं तळं नि मधल्या बेटावर गणपती, अशी ती मूळ रचना होती. तळं पुढे बुजवलं, हिरवळ झाली, तळ्यातला गणपती मात्र अजून तळ्यातलाच म्हणवतो. पाणी काढून घेतल्यावर बागेचं मैदान होतं, असं लिंबहून आल्यामुळे मला वाटलं असेल. ह्यांना वाटलं नाही.

कोल्हापूरला एका लग्नाच्या निमित्तानं टाऊन हॉलच्या बागेत तासभर बसता आलं. मेजर चार्ल्स मँट यांनी १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली इमारत, आत वस्तुसंग्रहालय, बाहेर जुनी झाडं, आणि झाडाझाडाखाली दुपारची वामकुक्षी घेणारी माणसं. बागेचा याहून चांगला उपयोग मला सांगता येणार नाही. पन्हाळ्याच्या तबक उद्यानात धावतं दर्शन घेतलं, वरातीची बस थांबत नव्हती.

एका ठिकाणचा संताप मात्र लिहून ठेवते, नाव न घेता. जुनी, मोक्याची सार्वजनिक बाग. शंभरी गाठलेल्या झाडांच्या बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक बसवलेले, मुळाला श्वास घ्यायला वीतभर माती नाही. हिरवळीच्या जागी प्लास्टिकचं गवत, दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा. आणि मधे सिमेंटचा ससा, ज्याच्या पोटात कचरा टाकायचा. पाऊस पडला तर पाणी मुरणार कुठे, हे विचारायला तिथे कुणी सापडलं नाही.

क्लासचा शेवट म्हणून बाईंनी बंगल्यातच छोटं प्रदर्शन ठेवलं, ओळखीपाळखीची माणसं बोलावून. अट एकच, फुलांवर पन्नास रुपयांहून जास्त खर्च नको. वहिनींनी शेवग्याच्या शेंगा नि सोनचाफा असा काही मेळ घातला की सगळ्या बघत राहिल्या. मी पसरट पितळी परात घेतली, काठोकाठ पाणी भरलं, पिन होल्डर एका कडेला. शिनला आंब्याची फांदी, या वेळी जून पानांची, बहुतेक पानं उतरवलेली. सोएला पुण्याहून आणलेली वाळकी शेंग, हिकाएला सिल्व्हर ओकचं पान, रुपेरी बाजू वर. फूल एकच, मे फ्लॉवर. वर्षभर कांदा मातीत गप्प असतो आणि पहिल्या वळवाच्या आसपास लाल चेंडू वर येतो, तो नेमका त्याच आठवड्यात आला होता. निम्म्याहून अधिक परात मी मोकळी सोडली, नुसतं पाणी. एकीनं विचारलं, "अजून पूर्ण व्हायचंय का?" बाईंनीच परस्पर उत्तर दिलं, "झालंय."

जूनमध्ये गच्चीची मांडामांड बदलली. फुलझाडांच्या काही कुंड्या वहिनींकडे गेल्या, त्या जागी अरेका, नेचा आणि सॉन्ग ऑफ इंडिया आले. पावसाचं पाणी पन्हाळीतून थेट पिंपात घेतलं, आता निदान दिवाळीपर्यंत मगावर भागेल. दोन मोठ्या कुंड्यांत हळदीचे गड्डे लावलेत, श्रावणात त्याची लांबरुंद पानं रचनेला हाताशी येतात म्हणून. सासूबाई चिपळूणच्या. कोंब दिसल्या दिवशीच त्यांनी बजावलं, नागपंचमीच्या पातोळ्यांपुरती पानं आधी बाजूला निघतील, कात्री त्यानंतर. मी मान्य केलं. पिन होल्डर धुवायला देवघराच्या मोरीत न्यायचा नाही, ही त्यांची दुसरी अट अजून वाटाघाटीत आहे.